बाळ काचेत, आपण बाहेर: मुदतीआधी जन्मलेल्या बाळाच्या आई-बापांसाठी

कुरुंदा, गिरगाव, किन्होळा या पट्ट्यातून बाळंतपणासाठी वसमत, हिंगोली किंवा नांदेडला गेलेल्या घरांतून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. "बाळ काचेत ठेवलंय, आम्ही आता काय करायचं?" "किती दिवस लागतील?" "वजन रोज कमी होतंय, डॉक्टर काही लपवतायत का?" "पैसे संपले, घरी नेलं तर चालेल का?" हा लेख त्या प्रश्नांसाठी आहे.

सगळ्यात आधी एक समजूत मोडायला हवी. नवजात कक्षाच्या दारावर 'नातेवाइकांना प्रवेश नाही' अशी पाटी असते. ती वाचून आई-बाप बाहेरच्या बाकड्यावर बसतात आणि आपले काम संपले असे धरून चालतात. ती पाटी मावशी-मामा-काकांसाठी आहे. बाळाच्या उपचारातल्या दोन गोष्टी, आईचे दूध आणि आई-बापाच्या छातीची ऊब, कुठल्याही यंत्रातून मिळत नाहीत. त्या तुम्हीच द्यायच्या असतात, आणि अनेक ठिकाणी त्या मागून घ्याव्या लागतात.

दुसरी समजूत घरातल्या म्हाताऱ्या माणसांची: 'सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही.' हे चूक आहे. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले बाळ मुदतीआधीचे. ते पोटात जितके जास्त दिवस राहिले तितकी त्याची तयारी चांगली. ३४ आठवड्यांच्या बाळाला ३० आठवड्यांच्या बाळापेक्षा केव्हाही जास्त बळ असते. आठव्या महिन्यातल्या बाळाबद्दल घरात कोणी आशा सोडली असेल तर त्यांना हे सांगा.

कळा लवकर सुरू झाल्या तर

ठरावीक अंतराने पोट कडक होणे, कंबरेत कळ येणे, पाणी जाणे, रक्त दिसणे. सातव्या-आठव्या महिन्यात यातले काहीही झाले तर 'उद्या सकाळी बघू' म्हणू नका. १०८ ला फोन करा. गरोदर बाई आणि नवजात बाळासाठी १०२ ची गाडीही असते. कुरुंद्याच्या किंवा वसमतच्या सरकारी दवाखान्यात पोचलात तर दोन गोष्टी विचारा:

- "फुप्फुसांचं इंजेक्शन दिलं का?" २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान बाळंतपण होण्याची शक्यता असेल तर आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने दर १२ तासांनी देतात. बाळाची फुप्फुसे त्यामुळे लवकर तयार होतात. पुढे पाठवण्याआधी पहिला डोस नर्सताईंनी द्यायचा, अशी सरकारी सूचना आहे.
- "बाळंतपण इथंच करायचं की नवजात कक्ष आहे तिथं?" वेळ हाताशी असेल तर बाळ पोटात असतानाच मोठ्या रुग्णालयात जाणे केव्हाही बरे. जन्मल्यावर दीड किलोचे बाळ गाडीतून नेताना ते थंड पडते, साखर उतरते, श्वास अडतो.

पावसाळ्याचे दिवस असतील तर आठव्या महिन्यापासूनच मुक्काम रस्त्याच्या बऱ्या बाजूला हलवा. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचे पाणी घुसले तेव्हा काय हाल झाले ते तुम्ही विसरला नसाल.

कुठे न्यायचे

जिल्हा रुग्णालयात एसएनसीयू, म्हणजे विशेष नवजात काळजी कक्ष असतो. १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे किंवा ३४ आठवड्यांआधीचे बाळ तिथे दाखल करून घेतात. ऊब, प्राणवायू, सलाईन, कावीळीचा निळा प्रकाश, नळीने दूध या सोयी तिथे असतात. बहुतेक बाळांना एवढेच लागते. व्हेंटिलेटर किंवा शस्त्रक्रिया लागली तर मोठ्या रुग्णालयात पाठवतात. आपल्या बाजूला ते म्हणजे प्रामुख्याने विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.

विष्णुपुरीचे नाव निघाले की लोक बिचकतात. कारण उघड आहे. २०२३ मध्ये ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या २४ तासांत तिथे २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळे होती. या बातमीनंतर अनेकांनी ठरवले की काहीही झाले तरी खासगीतच. माझे मत वेगळे आहे. तिथे गर्दी आहे, खाटांपेक्षा बाळे जास्त असतात, हे खरे. पण खासगीत आठ-दहा दिवस काढून, पैसे संपल्यावर, बाळ अत्यवस्थ झाल्यावर सरकारीत धावणे हा सगळ्यात वाईट मार्ग आहे, आणि आपल्याकडे नेमका तोच सर्रास घेतला जातो. खासगीत जायचे असेल तर पहिल्याच दिवशी पूर्ण मुक्कामाचा अंदाज घ्या. तो पेलणार नसेल तर बाळ स्थिर असतानाच सरकारीत न्या.

हलवताना हे सांभाळा:

- पोचायच्या रुग्णालयाला आधी फोन गेला आहे का, जागा आहे का, हे पाठवणाऱ्या डॉक्टरांना विचारा. नुसत्या चिठ्ठीवर निघू नका.
- चिठ्ठीत जन्माची वेळ, वजन, किती आठवडे, आईला दिलेली इंजेक्शने, बाळाला दिलेली औषधे एवढे लिहिलेले असावे.
- बाळ स्थिर असेल तर ते आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी, वरून पांघरूण घेऊन नेता येते का, ते विचारा.
- गाडीवाला परस्पर "त्यापेक्षा अमक्या दवाखान्यात चला" म्हणू लागला तर ऐकू नका. तो सल्ला बहुधा फुकटचा नसतो.

पहिल्या दिवसाचे कागद

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. त्यामुळे घोळ ठरलेला: आधार कार्डावर माहेरचे नाव, रेशन कार्ड सासरचे आणि त्यात सुनेचे नावच चढवलेले नाही. बाळाला तर अजून नावच नसते. कक्षात ते आईच्या नावाने ओळखले जाते. म्हणून आईचे नाव केस पेपरवर जसे लिहाल तसेच ते पुढे प्रत्येक कागदावर येणार. आधारवर आहे तेच, त्याच अक्षरांत लिहायला सांगा. जुळी असतील तर कोणते पहिले, कोणते दुसरे हे हातावरच्या पट्टीवर आणि फाइलवर एकच आहे ना, ते डोळ्यांनी पाहा.

एका पिशवीत हे ठेवा: आई-बापाचे आधार, रेशन कार्ड (माहेरचे आणि सासरचे दोन्ही), आईचे माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, बँक पासबुकाची झेरॉक्स. त्यातल्या पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट जपून ठेवा, कारण बाळ नेमके किती आठवड्यांचे हे त्यावरून सगळ्यात बरोबर कळते.

जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते आणि ती जिथे जन्म झाला तिथेच होते. नांदेडला जन्मलेल्या बाळाची नोंद कुरुंद्याच्या ग्रामपंचायतीत होणार नाही. बाळाचे नाव ठरले नसेल तरी नोंद करून घ्या. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार आहे.

किती दिवस, आणि रोज काय विचारायचे

डॉक्टर तारीख सांगत नाहीत म्हणून चिडू नका. ढोबळ अंदाज असा: बाळंतपणाची जी मूळ तारीख दिली होती, तिच्या दोन-चार आठवडे मागेपुढे बाळ घरी येते. दहा आठवडे आधी जन्मलेल्या बाळाला दीड-दोन महिने लागू शकतात, असे मनाशी धरूनच घरची व्यवस्था लावा.

वजनाबद्दल लोक सगळ्यात जास्त घाबरतात. मुदतीआधीच्या बाळाचे वजन पहिल्या आठवड्यात शेकडा १० ते १५ ने उतरते. हे नेहमीचेच आहे. जन्माच्या वेळचे वजन भरून यायला साधारण दोन आठवडे जातात, आणि खरी वाढ त्यानंतर दिसते. दोन आठवड्यांनंतरही वजन उतरतच असेल तर मात्र कारण विचारा.

सकाळी राउंड होतो. त्याआधी घरातल्या एकाच माणसाने हजर राहायचे आणि रोज त्यानेच बोलायचे. चार नातेवाइकांनी चार वेळा विचारले की डॉक्टर तुटक बोलतात, आणि चौघे चार अर्थ घेऊन घरी जातात. साधी शाळेची वही घ्या, तारीख टाका, आणि एवढेच विचारा:

- श्वास स्वतःचा आहे की मशीनवर? प्राणवायू कालच्यापेक्षा कमी केला की वाढवला?
- दूध किती मिलिलिटर, किती वेळा? पोट फुगते का, दूध उलटते का?
- वजन किती?
- श्वास मधेच थांबण्याचे प्रसंग झाले का?
- संसर्गाची शंका आहे का? औषध बदलले असेल तर का?
- आज आम्ही काय करायचे?

शेवटचा प्रश्न विसरू नका. मशीनवरच्या आकड्यांकडे तासन्‌तास बघत बसण्यात अर्थ नाही. आकडे वरखाली होतात, घंटा वाजते, पुष्कळदा नुसती वायर सुटलेली असते.

आईचे काम: दूध

बाळ चोखू शकत नाही म्हणून आईचे दूध लागत नाही, असे समजून पहिले तीन दिवस वाया घालवतात. मग दूध येत नाही आणि दूध पावडरचा डबा आणायला धावाधाव होते. बाळंतपण झाल्यापासून शक्यतो पहिल्या काही तासांत हाताने दूध काढायला सुरुवात करा. पहिला पिवळसर चीक अर्धा चमचा निघाला तरी तो न्या, तेवढाही बाळाच्या तोंडात घालता येतो. छोट्या बाळांच्या आतड्यांना होणारा एक गंभीर आजार आईच्या दुधावरच्या बाळांत कमी दिसतो. एवढ्या एका कारणासाठीही हा खटाटोप करण्यासारखा आहे.

- दिवसातून ८ ते १२ वेळा काढा, त्यात रात्री निदान एकदा. रात्रीचे काढणे सोडले की आठवडाभरात दूध आटू लागते.
- हात साबणाने धुवा, उकळलेल्या स्टीलच्या झाकणाच्या वाटीत काढा. वाटीवर नाव आणि वेळ लिहिलेली पट्टी लावा.
- साध्या खोलीत दूध ४ तास टिकते असे धरतात. पण आपल्याकडचा एप्रिल-मे लक्षात घ्या. उन्हाळ्यात काढले की लगेच सिस्टरकडे द्या. कक्षाच्या फ्रिजमध्ये ते २४ तास ठेवतात.
- दूध गॅसवर गरम करू नका. कोमट पाण्यात वाटी ठेवली की पुरे.

साधारण ३४ आठवड्यांचे होईपर्यंत बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे एकत्र जमत नाही. म्हणून आधी नळी, मग वाटी-चमचा किंवा बोंडले, मग अंगावर, असा क्रम असतो. बोंडले घरचे आणले तर प्रत्येक वेळी उकळायचे. बाटली मात्र आणू नका.

आईला खायला घालायच्या बाबतीत आपल्या घरांत हात आखडता घेतात. 'बाळंतिणीने पाणी जास्त पिऊ नये', 'वरण नको, भात नको', हे सगळे दूध काढणाऱ्या आईच्या मुळावर येते. तिला भाकरी, वरण, भाजी, शेंगदाणे, दूध, आणि तहान लागेल तेवढे पाणी द्या. डिंकाचे लाडू खुशाल खाऊ द्या, पण जेवणाऐवजी नव्हे.

दूध खरोखर पुरत नसेल तर रुग्णालयाला दूधपेढीबद्दल विचारा. आशियातली पहिली दूधपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. दूधपेढीत दुसऱ्या मातांचे दूध तपासून, निर्जंतुक करून देतात. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे दूध परस्पर मागून घालणे मात्र टाळा.

छातीशी धरणे

याला कांगारू केअर म्हणतात. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. आईच्या उघड्या छातीवर उभे, मान एका बाजूला, वरून कापड बांधलेले. ही गरिबांची सोय नव्हे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतासह पाच देशांच्या रुग्णालयांत १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी ठेवले. नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे बाळ स्थिर झाल्यावरच छातीशी देतात तिथे, पहिल्या २८ दिवसांत शंभरामागे १५.७ बाळे दगावली. लगेच छातीशी ठेवलेल्यांत १२. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाचे ८ ते २४ तास, शक्य तितके जास्त, असा सल्ला दिला.

एका बैठकीत निदान तासभर ठेवा. दहा मिनिटांत काढून घेतले तर बाळाला हलवण्याचा त्रास तेवढा होतो, लाभ होत नाही. नळी लावलेली असली तरी बहुतेक वेळा चालते. सिस्टर बसवून देतात. त्यांनी आपणहून सांगितले नाही तर तुम्ही विचारा: "आज छातीशी देता का?"

बापालाही हे करता येते. अंघोळ, स्वच्छ पुढून उघडा शर्ट, एवढेच लागते. 'विटाळ आहे, बाराव्यापर्यंत बापाने शिवायचं नाही' असे सांगणारे घरात असतील तर त्यांचा मान राखून त्यांना सांगा की डॉक्टरांनी लिहून दिलेला हा उपचार आहे. सिझेरियन झालेल्या आईला पहिले दोन-तीन दिवस उठवत नाही, तेव्हा बाप नाहीतर आजीच कामी येतात.

मुक्काम आणि घर

एका माणसाने महिनाभर रुग्णालयात राहणे जमत नाही, तरी सगळे एकाच माणसावर टाकतात. तीन कामे तीन जणांत वाटा: आईजवळ राहणारी बाई, डॉक्टरांशी बोलणारा आणि कागद सांभाळणारा माणूस, आणि घर-शेत-मोठे मूल बघणारा. हळद शिजवायचे किंवा सोयाबीन काढायचे दिवस असतील तर तिसऱ्याचे काम सगळ्यात अवघड असते. तिथे भावकीला स्पष्ट मदत मागा, संकोच करू नका.

आईला सुट्टी मिळाली आणि बाळ आत आहे, तर आईला लगेच घरी पाठवू नका. मातांसाठी राहण्याची खोली, जेवण, बाथरूमची सोय कुठे आहे ते वॉर्डच्या मुख्य सिस्टरना विचारा. आईचे टाके, ताप, जास्त रक्तस्राव याकडे कोणीच बघत नाही, कारण सगळ्यांचे डोळे काचेकडे असतात. दोन आठवड्यांनंतरही ती सतत रडते, झोपत नाही, बाळाकडे जायला नको म्हणते, तर तो आळस किंवा नाटक नव्हे. डॉक्टरांना सांगा. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीतून बोलतात.

नोकरदार आईसाठी एक उपयोगाची गोष्ट. मातृत्व लाभाच्या नियमांत मुदतीआधीच्या प्रसूतीतून आलेल्या आजारपणासाठी नेहमीच्या रजेव्यतिरिक्त एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद आहे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते.

पैसे आणि हक्क

- सरकारी रुग्णालयात: २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला एक वर्षाचे होईपर्यंत औषधे, तपासण्या, रक्त, एका रुग्णालयातून दुसरीकडे नेणे आणि घरी सोडणे मोफत आहे. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली तर आधी वैद्यकीय अधीक्षकांकडे जाऊन ती दाखवा.
- महात्मा फुले जन आरोग्य योजना: कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशन कार्डाचा रंग आता आड येत नाही. योजनेत असलेल्या खासगी रुग्णालयांत नवजात बाळाचे उपचारही बसतात. दाखल झाल्या दिवशीच तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. 'आधी पैसे भरा, योजनेचं नंतर बघू' यात फसू नका. मंजुरीआधी भरलेले पैसे परत मिळवणे फार जिकिरीचे असते. चौकशीला १५५३८८.
- धर्मादाय रुग्णालये: मोठ्या शहरांतल्या ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला आधीच काढून ठेवा.
- मुख्यमंत्री सहाय्यता निधी: नवजात बाळांचे आजार यादीत आहेत. रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते. अर्ज उपचार चालू असतानाच करा.

खासगीत दर दिवसाचा खर्च, त्यात काय धरले आहे आणि काय नाही, हे लेखी मागा. औषधे त्यांच्याच मेडिकलमधून घ्या अशी सक्ती करता येत नाही. कागदपत्रांच्या प्रती लेखी अर्ज दिल्यापासून ७२ तासांत द्याव्या लागतात. बिल थकले म्हणून बाळ अडवून ठेवता येत नाही. बिलाची वसुली रुग्णालयाने कायद्याच्या मार्गाने करावी. बाळ कोणी अडवलेच तर ग्रामीण भागात आणि नगरपालिकांच्या गावांत जिल्हा शल्यचिकित्सक, नांदेडसारख्या शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार द्या, आणि पोच घ्या.

'स्वतःच्या जबाबदारीवर' सुट्टी

पंधरा-वीस दिवस झाले, बाळ बरे दिसते, पैसे संपले, मोठे मूल घरी रडते. अशा वेळी आई-बाप सही करून बाळ नेतात. सही करण्याआधी डॉक्टरांना एवढे विचारा: बाळ तोंडाने पूर्ण दूध घेते का? पेटीबाहेर अंग गरम राहते का? तीन दिवस सलग वजन वाढले का? श्वास थांबण्याचे प्रसंग बंद होऊन किती दिवस झाले? यातल्या एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल तर घरी नेऊ नका. अडचण पैशांची असेल तर ती पैशांचीच आहे असे स्पष्ट सांगा आणि सरकारी कक्षात पाठवायला सांगा. डॉक्टरांना लाजून 'घरी कार्यक्रम आहे' म्हणणारे आई-बाप कमी नाहीत.

आणि नेलेच, तर सुट्टीचा कागद घेतल्याशिवाय दारातून हलू नका. पुढची गोष्ट त्या कागदावर अवलंबून आहे.

डोळे: ३० दिवसांची मुदत

या लेखातले बाकी सारे विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा अर्धवट तयार असतो. प्राणवायूवर राहिलेल्या, आजारी पडलेल्या बाळांत त्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढतात आणि पडदा सुटू शकतो. याला आरओपी म्हणतात. बाहेरून डोळा अगदी स्वच्छ, टपोरा दिसतो. आईला काही कळत नाही. बाळ नजर देत नाही हे लक्षात येते तोवर तीन-चार महिने उलटलेले असतात, आणि तेव्हा फारसे काही करता येत नाही. वेळेत सापडले तर लेझरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचते.

- कोणाला: ३४ आठवड्यांआधी जन्मलेले किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचे प्रत्येक बाळ. त्यापुढची पण खूप आजारी पडलेली बाळे डॉक्टर ठरवतील तशी.
- कधी: जन्मापासून ३० दिवस व्हायच्या आत. २८ आठवड्यांआधीचे किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दोन-तीन आठवड्यांतच.
- किती वेळा: एकदा बघून भागत नाही. पडदा पूर्ण तयार झाला असे डॉक्टर सांगेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी.
- कुठे: साधे चष्म्याचे डॉक्टर नव्हे, पडद्याचे तज्ज्ञ लागतात. कोणत्या वारी कुठे तपासणी होते ते नवजात कक्षातूनच लिहून घ्या.
- उपचार सांगितला तर: दोन-तीन दिवसांत करायचा. अमावास्या, पाहुणे, पेरणी यांसाठी थांबायचे नाही.

अडचण अशी होते की बाळाला विसाव्या-बाविसाव्या दिवशी सुट्टी मिळते आणि तपासणीची तारीख घरी आल्यावर येते. बाळ धडधाकट दिसते. पुन्हा नांदेडला जायचे म्हणजे गाडी, मजुरी बुडणे, त्यात सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतिणीने बाहेर पडायचे नाही म्हणून आजी अडवते. तारीख हुकते. म्हणून दाखल झाल्या दिवशीच जन्मतारखेत ३० दिवस मिळवून ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

हा तुमचा हक्कही आहे. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये २९व्या आठवड्यात १२५० ग्रॅमची एक मुलगी जन्मली. डोळे तपासा असे तिच्या आई-बापांना कोणी सांगितले नाही. तिची दृष्टी गेली. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. सुट्टीच्या कागदावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहिलेली नसेल तर लिहून मागा.

कानांची तपासणीही विचारा. ती तीन महिन्यांच्या आत व्हावी.

घरी आल्यावर

आशाताईंना सुट्टीच्या दिवशीच कळवा. कक्षातून आलेल्या बाळाकडे त्या वारंवार येतात, वजन करतात.

- अंग गार लागले की आधी छातीशी धरा. शेगडी, धुरी, बाजेखालचा विस्तव नको. धूर या फुप्फुसांना सोसत नाही.
- अंघोळ डॉक्टर सांगेपर्यंत नको, ओल्या कापडाने पुसा. नाकात-कानात तेल नको, बाळगुटी, मध, काजळ नको.
- बारसे पुढे ढकला. पाहुण्यांची रीघ लागली की पहिली सर्दी तिथूनच येते.
- दर दोन-तीन तासांनी दूध, झोपले असले तरी उठवून.
- लस जन्मतारखेपासून मोजून वेळेवर. वाढ मात्र मूळ तारखेपासून मोजा: दोन महिने आधी आलेले बाळ सहा महिन्यांचे झाले तरी त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा. दोन वर्षांपर्यंत असेच धरायचे.

दूध सोडले, अंग गार किंवा तापलेले, श्वास भरभर किंवा छातीत खड्डा पडतो, निळसर दिसते, झटके, तळपायापर्यंत पिवळे: यातले काहीही दिसले तर डाग देणाऱ्याकडे किंवा मांत्रिकाकडे थांबू नका, १०८ बोलवा.

बाळ वाचले नाही तर

काही घरांत असेही होते, आणि तेव्हा कोणी काही सांगत नाही. बाळाला शेवटचे हातात घेण्याचा हक्क आईलाही आहे. 'तिला दाखवू नका' हे तिच्या भल्याचे असतेच असे नाही, तिलाच विचारा. सगळे कागद घ्या, पुढच्या बाळंतपणात डॉक्टरांना ते लागतील. बिलासाठी देह अडवता येत नाही. आईला तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध दाटते, गाठी होतात. घट्ट आधार देणारे कपडे, थंड ओल्या पट्ट्या, दुखले तर ठणका जाईल एवढेच थोडे काढणे. ताप आला तर दवाखाना.

पुढचे बाळंतपण

एक बाळंतपण आणि पुढची गर्भधारणा यांत निदान दोन वर्षांचे अंतर ठेवा. पुन्हा दिवस गेले की पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा आणि 'मागचं बाळ इतक्या आठवड्यांत झालं' हे आधी सांगा. त्यावरून गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजण्यासारख्या काही तपासण्या वेळेत होतात, औषध किंवा टाका लागेल का ते ठरते. मागच्या सुट्टीचा कागद सोबत न्या. आणि सातव्या महिन्यापासून १०८ चा नंबर, गाडीवाल्या शेजाऱ्याचा नंबर आणि नवजात कक्ष असलेल्या रुग्णालयाचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या, नवरा ऊसतोडीला किंवा पुण्याला असेल तर सासूच्यासुद्धा.